डिंडोलीला पाठवलेले हारकडे

त्या प्रकरणाची आठवण आली की आजही मला आधी वास येतो आणि माणसे नंतर दिसतात. स्ट्रॉबेरीचा म्हणावा तर कुठल्याच फळाचा नाही, लहान मुलांच्या औषधाच्या झाकणाला चिकटून राहतो तसा गुलाबी, गोड वास. नोकरीत असताना रक्ताचा, रॉकेलचा, जळक्या वायरचा आणि चोरट्या दारूचा वास दारातूनच ओळखायला मी शिकले होते. हा वास कशाचा, हे मला लगेच उमगले नाही. आणि उमगले तेव्हा ते कागदावर कसे लिहावे, हे उमगेना.

निवृत्तीला काही वर्षे उरली असताना सुरतच्या पूर्व भागातील एका ठाण्याची मी निरीक्षक होते. हद्दीत लिंबायतच्या बऱ्याच गल्ल्या येत. माझे वडीलही खानदेशातून मागावर काम करायलाच सुरतेला आले होते, त्यामुळे मराठी घरातले काही असले की हाताखालचे लोक ते प्रकरण आपसूक माझ्या टेबलावर आणून ठेवत.

होळी होऊन काही दिवस झाले होते. सकाळची हजेरी आटोपून मी डायरी पाहत होते, तेवढ्यात फोन आला. बोलणारा पुरुष मध्यमवयीन, मराठीत हिंदी मिसळणारा. लिंबायतच्या अमुक गल्लीत, देवळामागच्या घरात रंगीत गोळ्यांचा धंदा चालतो, असे त्याने सांगितले. आपल्या घरातल्या लहान मुलीने त्या गोळ्या खाल्ल्या, तिची जीभ निळी पडली आणि ती दिवसभर झोपून राहिली. नाव विचारताच फोन बंद झाला.

निनावी फोनचा माझा एक आडाखा होता. ज्याला सूड उगवायचा असतो तो माणसाचे वर्णन करतो, आणि जो घाबरलेला असतो तो वस्तूचे. या गृहस्थाने घरातल्या कोणाविषयी चकार शब्द काढला नव्हता. गोळीचा रंग, आकार आणि मधले भोक मात्र नीट सांगितले होते. मी फोन खरा मानला.

दोन पंच आणि दोन महिला शिपाई घेऊन आम्ही निघालो. गल्लीच्या दोन्ही अंगांना माग धडधडत होते. त्या आवाजाची गंमत अशी की काही वेळाने तो कानांना ऐकू येत नाही, तळपायांना ऐकू येतो. घराचे दार उघडेच होते. आत पाच-सहा बायका गोल करून बसल्या होत्या आणि मधल्या परातींत गुलाबी, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या गोळ्यांचे ढीग होते. प्रत्येकीच्या हातात सुई आणि बारीक इलॅस्टिक. सूर्यप्रकाशाची एक तिरपी पट्टी परातीवर पडली होती आणि त्या ढिगांतून साखरेची बारीक धूळ धुरासारखी वर चढत होती. धाडीत असे सुंदर दृश्य दिसले की माझा गोंधळ उडतो. नशेच्या मालाला इतके रंग असण्याचे कारणच काय?

कोणी पळाले नाही. कोणी परात झाकली नाही. कोपऱ्यातली एक म्हातारी माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडे पाहून म्हणाली, "बठ ना ताई. चहा ले."

ते घर ज्यांचे, त्यांना सारी गल्ली वहिनी म्हणत असे. चाळिशी ओलांडलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू, बोलणे मोजके. साड्यांवर टिकल्या लावणे, लेस जोडणे, धागे कापणे असे घरबसल्या करायचे काम त्या बाजारातून आणत आणि शेजारणींना वाटून देत. या वेळी टिकल्यांच्या जागी गोळ्या आल्या होत्या, एवढेच.

सोबतच्या पेटीतली रसायने वापरून आम्ही जागेवर चाचणी केली. ती चाचणी रंग बदलण्यावर चालते. इथे गोळीचा स्वतःचाच रंग पाण्यात उतरून सारे जांभळे झाले, आणि ते जांभळे रसायनाचे की गोळीचे हे कोणाला सांगता येईना. पंच माझ्याकडे पाहत होते, मी नळीकडे. शेवटी माल सील केला, नमुना प्रयोगशाळेकडे रवाना केला आणि पंचनाम्यात 'भोक असलेल्या रंगीत गोळ्या' एवढेच लिहिले.

या कशासाठी ओवता, असे विचारले तेव्हा गोंधळ आणखी वाढला. म्हातारीच्या मते त्या वरातीच्या घोड्याच्या गळ्यात घालायच्या माळा होत्या. तिची शेजारीण गाडीच्या आरशाला टांगायची शोभा म्हणत होती. तिसरी म्हणाली, परदेशात म्हणे झाडाला बांधतात. एकच वस्तू बनवणाऱ्या बायका एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि ती वस्तू काय आहे यावर दोघींचेही एकमत नव्हते.

ज्याने सुरतचा बाजार पाहिला नाही त्याला हे खोटे वाटेल. इथे एक साडी दहा घरे फिरते. एका घरात काठ जोडला जातो, दुसऱ्यात खडे चिकटतात, तिसऱ्यात धागे कापले जातात, आणि पूर्ण साडी यांपैकी कोणीच उलगडून पाहत नाही. हा मालही तसाच वाटला गेला होता. वहिनींच्या घरी फक्त लहान लहान त्रिकोण ओवले जात. लांब पट्ट्या पुढच्या घरी, तिसऱ्या एका घरी जाळीदार झालर. जोडणी कुठे होते ते कोणी विचारले नव्हते. तसे विचारायची रीतच नाही; काम येते, काम जाते.

वहिनींनी मात्र ठामपणे सांगितले, "हारकडे शेतस हाई. नवीन फॅशनचे."

हे हारकडे आहेत, असे त्या म्हणत होत्या; खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. होळीला आमच्याकडे साखरेचे हार आणि साखरेची कडी घरी आणतात, लहान मुलांच्या गळ्यात घालतात. लग्न ठरले असेल तर होणाऱ्या जावयाला किंवा सुनेलाही मानाने पाठवतात. गोड पांढऱ्या साखरेचा तो दागिना मीही लहानपणी गळ्यात घालून घामाने चिकट करून घेतला आहे. म्हणून वहिनींचे उत्तर मला पटण्यासारखे वाटले. पण हारकडे होळीपुरते असतात, आणि हे काम होळीनंतरही जोरात चालू होते.

ठाण्यात आणून मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. हा माल बाहेर कोणाला दिला? फोन करणाऱ्याच्या घरी तो पोचला होता, म्हणजे कोणीतरी तो दिलाच होता. वहिनी प्रत्येक वेळी नाही म्हणाल्या. खोटे बोलणारे बहुतेक लोक माझ्या डोळ्यांत पाहून बोलतात, कारण पोलिसांना ते आवडते असे त्यांना वाटते. वहिनी माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहून बोलत होत्या. त्या काहीतरी लपवत आहेत हे स्पष्ट होते. जे लपवत आहेत ते गुन्ह्याचे आहे की नाही, हे मात्र अजिबात स्पष्ट नव्हते. दिवस मावळण्याआधी मी त्यांना महिला शिपायासोबत घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी ठाण्यात आली. विशीतली, एका कापडाच्या दुकानात बसणारी, घरी अहिराणी आणि बाहेर गुजराती बोलणारी. लग्न सुरतेतल्याच डिंडोली भागातल्या एका घरी ठरले होते, उन्हाळ्यातली तिथी काढलेली.

"मॅडम, तुमची जीप आमच्या दारात उभी होती," ती म्हणाली. "डिंडोलीहून निरोप आला आहे, हमणां थोभो म्हणून. म्हणजे थांबा. पण थांबा म्हणजे काय, ते तुम्हालाही समजतंच ना."

तिला एक कागद हवा होता. आई निर्दोष आहे एवढे लिहिलेला, शिक्का मारलेला. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तसा कागद मी देऊ शकत नव्हते, आणि अहवालाला किती दिवस लागतील हे प्रयोगशाळाही सांगू शकत नव्हती. ती उठताना खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. तो अजून माझ्या कानात आहे.

त्याच दुपारी मी वहिनींच्या आणि नंतर झडती घेतलेल्या त्या दुसऱ्या दोन घरांतून जप्त केलेले तुकडे टेबलावर मांडायला घेतले. मांडणी करून काहीतरी दिसेल अशी आशा होती. दोन त्रिकोण शेजारी शेजारी ठेवले, खाली पट्टी, बाजूला झालर. तरुण शिपाई पोरगी चहा घेऊन आली, तिने टेबलाकडे पाहिले, चहा ठेवला आणि तोंडाला रुमाल लावून ती बाहेर पळाली. मी उपनिरीक्षकांना बोलावले. त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिले, मग छताच्या पंख्याकडे, आणि एका बेवारस मोटारसायकलचा विषय काढला. काय दिसते आहे, असे मी विचारले. म्हणाले, "मॅडम, माझ्यापेक्षा हेड कॉन्स्टेबल बेनना जास्त कळेल."

हेड कॉन्स्टेबल बेन वयाने माझ्या बरोबरीच्या, गुजराती, तीन सुनांच्या सासू. त्यांनी दार लावून घेतले. माझ्या समोरच्या दोन्ही त्रिकोणांना बोटाने थोडे जवळ सरकवले, पट्टी त्यांच्या मागून फिरवली, झालर खाली आणून ठेवली.

"मॅडम, हे अंगावर घालायचं आहे," त्या म्हणाल्या. "पण कपड्यावरून नाही. कपड्याच्या आतून."

मी एक त्रिकोण उचलून पाहिला. "साखरेचं? का?"

"खायचं म्हणून."

"कोणी?"

"ज्याने आणून दिलं त्याने."

खोलीत पंखा फिरत होता आणि त्या गुलाबी वासाला पहिल्यांदाच काही अर्थ आल्यासारखे वाटले. तो अर्थ कळूनही मला कळला असे मात्र म्हणवत नव्हते. नवरा-बायकोने एकमेकांना हसवण्यासाठी खाऊची वस्त्रे घालावीत, ही कल्पना वाईट नव्हती, चांगली नव्हती, ती नुसतीच माझ्या कुठल्याही रकान्यात बसत नव्हती. बेन मात्र शांतपणे म्हणाल्या की त्यांच्या धाकट्या सुनेच्या मोबाइलवर त्यांनी हे पाहिले होते.

तिथून पुढचा तपास सोपा होता. वहिनी ज्या व्यापाऱ्याकडून काम आणत तो पर्वत पाटिया भागातल्या एका गाळ्यात लेसचा धंदा करीत असे. गाळ्याच्या मागच्या खोलीत जोडणी होई आणि लाल खोक्यांत भरून माल ऑनलाइन विकला जाई. कुठलीही नशा नव्हती. साखर, रंग आणि कृत्रिम वास. शेठ घाबरला तसा बडबडू लागला. म्हणाला, हा जोडप्यांचा आयटम आहे, बेन, लग्नाच्या वाढदिवसाला जातो, मोठ्या घरांतून ऑर्डर येतात. कर कपड्यावरचा लावायचा की मिठाईवरचा, हे त्याच्या हिशोबनिसालाही ठरवता येत नव्हते. मी त्याला विचारले, बायकांना हे काय आहे ते का सांगितले नाही?

"सांगितलं असतं तर ओवलं असतं का, बेन?"

त्याला लावण्यासारखे कलम माझ्याजवळ नव्हते. खायची वस्तू परवान्याशिवाय, मागांच्या कचऱ्यात, उघड्या परातींत बनत होती, एवढे कळवून मी अन्न विभागाला पत्र पाठवले. त्यांनी ते काम बंद पाडले. प्रयोगशाळेचा अहवालही यथावकाश आला. साखर आणि खाण्याचा रंग. मुलीची जीभ निळी पडली ती रंगाने, आणि झोपली ती बहुधा होळीच्या दमणुकीने.

वहिनींना मी एकटीला बोलावले आणि दार लावून सगळे सांगितले. हेड कॉन्स्टेबल बेन शेजारी होत्या. वहिनींनी आधी ऐकले नाही असे वाटले. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, इतका की चेहरा दिसेना.

"मी ते जावयाला धाडलं," पदरातून आवाज आला. "होळीचा मान म्हणून."

मग एकेक उलगडत गेले. शेजारच्या घरातून त्यांनी एक पट्टी मागून घेतली होती, तिला स्वतः ओवलेले दोन त्रिकोण पदकासारखे शेजारी शेजारी बांधले होते. नारळ, खोबऱ्याची वाटी, शर्टाचे कापड, आणि वर तो हार. डिंडोलीत सगळ्या भावकीसमोर तो मुलाच्या गळ्यात घातला होता. फोटो काढले होते. त्याच घरातल्या, मुलाच्या लहानग्या पुतणीने नंतर तो खाल्ला असणार. म्हणजे फोनही तिथूनच आला होता. चौकशी सुरू झाल्यावर डिंडोलीचे नाव घेतले तर पोलीस व्याह्यांच्या दारात जातील, म्हणून ही बाई माझ्यासमोर पाण्याच्या पेल्याकडे पाहत खोटे बोलत राहिली होती.

मी म्हणाले, आता काळजी नाही, मी स्वतः डिंडोलीला जाऊन सांगते की माल नशेचा नव्हता.

"मग कशाचा, असं विचारतील."

मी हातातला अहवाल टेबलावर उलटा ठेवला.

"ताई, गोळ्यांचा आळ आज ना उद्या पुसला जाईल," त्या म्हणाल्या. "हे कळलं तर पोरीला त्या घरात जन्मभर मान वर करता येणार नाही. तुम्ही नशेचंच राहू द्या."

निर्दोष सुटण्यापेक्षा संशयित राहणे पत्करणारी व्यक्ती मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. पण प्रकरण बंद करायला मला डिंडोलीच्या घरचा जबाब हवा होता. मी एवढेच कबूल केले की कायद्याला जेवढे लागते तेवढेच बोलेन. ती साखर होती. हे खरे होते आणि पुरेसेही होते.

डिंडोलीचे घर नव्या रंगाचे, ओट्यावर तुळस, आत शिलाई मशीन. मुलाचे वडील आणि काका समोर बसले. फोन आपण केला हे काकांनी लगेच कबूल केले; पुतणीची अवस्था पाहून मुलाच्या आईनेच फोन करायला सांगितले असे म्हणाले. मी अहवाल दाखवला. साखर. काकांचा जीव भांड्यात पडला. वडील म्हणाले, मग सोयरीक थांबवायचे कारणच काय उरले? आणि दोघांनीही आतल्या दाराकडे पाहिले, कारण थांबवायचे तिथूनच ठरले होते.

मुलाची आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. भाजक्या मिरचीचा ठसका हवेत होता. तिने पुरुषांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

"ताई, मी ब्लाउज शिवते," ती म्हणाली. "पोराच्या गळ्यात तो हार घातला आणि ते दोन त्रिकोण त्याच्या छातीवर येऊन बसले, तेव्हाच मला कळलं ते काय आहे. सगळे टाळ्या वाजवत होते. मी कोणाला सांगू? नवऱ्याला? दिराला? विहिणीने भर भावकीत आमची थट्टा केली, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

नळाचे पाणी रिकाम्या पातेल्यात पडत होते. मला आता सगळे दिसले. तिची खरी तक्रार तोंडातून निघण्यासारखी नव्हती. पुतणीची निळी जीभ समोर आली, तेव्हा बोलता येण्याजोगी एक तक्रार तिला सापडली. ती खोटी नव्हती. ती फक्त तिची नव्हती.

लिंबायतच्या वहिनींना मी शब्द दिला होता, पण तो ज्यांना काही कळलेले नाही अशा माणसांपुरता होता. हिला तर आधीच कळले होते. मी तिला काम कसे वाटले जाते ते सांगितले. लिंबायतच्या घरात फक्त त्रिकोण असतात. ओवणाऱ्या बाईने पूर्ण वस्तू कधी पाहिलीच नाही. तिने पदके समजून ती बांधली, आणि सगळ्यांत सुबक त्रिकोण जावयासाठी निवडले.

तिने ओट्याचा आधार घेतला. आधी वाटले रडते आहे. मग खांदे हलू लागले आणि ती हसत हसत खाली बसली, पदर तोंडात कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"तिला माहीतच नव्हतं?"

"नव्हतं."

"आता?"

"आता आहे. दोन दिवस जेवली नाही, असं मुलगी सांगते."

हसू थांबले. तिने नळ बंद केला आणि डोळे पुसले. "तिला सांगू नका मला कळलंय म्हणून. मेली जिवाला लावून घेईल."

जबाब नोंदवायला मी दोन्ही घरच्या बायकांना एकाच दिवशी बोलावले. गरज नव्हती, वेगवेगळ्या दिवशीही चालले असते. मुलाची आई आधी आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. वहिनी फाटकातून आत येताना तिला पाहून थबकल्या. मुलाची आई बाकावर सरकली आणि हाताने जागा पुसून दिली. मी खिडकीतून पाहत होते; ऐकू येईल इतकी जवळ होते.

"अहवाल आला म्हणे," वहिनी जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "साखरच निघाली."

"साखरच असणार, विहीणबाई. आमच्या पोरीने जरा जास्तच खाल्ली."

"हो. गोड होती."

"गोडच होती. तिथी तीच ठेवू या ना? मंडपवाल्याला सांगायला हवं."

वहिनींनी मान हलवली. पदर खाली आला होता आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचे कुंकू दिसत होते.

जबाबांत दोघींनी 'साखरेच्या मण्यांचा हार' असे लिहून दिले आणि सह्या केल्या. मी त्या कागदांवर शिक्का मारला. पोलिसाचे काम सत्य बाहेर काढणे, असे आम्हाला शिकवले जाते आणि मी ते आयुष्यभर मानले. या प्रकरणाने त्यात थोडी भर घातली. ठाण्याची पायरी चढणारा माणूस बहुतेकदा त्याची खरी तक्रार घेऊन येत नाही. जी चारचौघांत बोलता येते ती घेऊन येतो. तिच्यामागची दुसरी शोधावी लागते. आणि ती सापडली की दर वेळी ती नोंदवायचीच असते असे नाही. कधी कधी ती दोन बायकांच्या मध्ये, एकाच बाकावर, दोघींनाही ठाऊक असलेली आणि दोघींनीही न उच्चारलेली, तशीच राहू द्यायची असते.